तुमकूरपर्यंतचा होकार

मत्तीकेरेच्या कोपऱ्यावर उभ्याने खायचं एक हॉटेल आहे. अण्णा खांबेटे तिथे शिरले की काउंटरवरचा नरसिंह आधी त्यांच्या मागच्या गिऱ्हाइकाला पुढे बोलावतो. इडली मऊ खरी, पण लवकर गार होते. दोसा गरम मिळतो, पण तुपाचा हात सैल असतो. अण्णांचा हा विचार संपेपर्यंत रांग तुंबते, हे त्याला ठाऊक आहे. त्यांच्या पत्नी, प्रतिमावहिनी, होत्या तेव्हा म्हणायच्या, "ह्यांना इडली की दोसा विचारू नका हो, हॉटेल बंद व्हायची वेळ येईल."

सूर्यकांत खांबेटे हे त्यांचं पूर्ण नाव. तरुणपणी साताऱ्याहून बेंगळुरूला आले आणि इथल्या एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात लागले. फौजेसाठी बिनतारी संच तयार व्हायचे. संच बरा असला तर हिरवी चिठ्ठी, नापास असला तर लाल आणि शंका असली तर पिवळी. पिवळी लागलेला संच बाजूच्या फळीवर जायचा, पुन्हा तपासायला. अण्णांची फळी कायम भरलेली असे. साहेब चिडायचे. अण्णा म्हणायचे, "सर, हा कुणाच्या तरी पाठीवर बर्फात जाणार आहे. जरा दुसऱ्या बाजूने बघू." निवृत्त झाले तरी ते 'दुसऱ्या बाजूने बघू' सुटलं नाही. बेंगळुरूच्या आभाळाचा नेम नाही म्हणून ते बाराही महिने छत्री घेऊन फिरतात. पाऊस पडेलही, नाहीही.

त्यांची मुलगी उल्का माझी विद्यार्थिनी. तिने गुरुप्रसादशी लग्न ठरवलं तेव्हा अण्णांनी तिला समोर बसवून दोन्ही बाजू सांगितल्या होत्या. मुलगा निर्व्यसनी आहे. पण त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून मराठीत निम्मं कानडी मिसळलेलं, तुला जड जाईल. पण माणसं मायाळू आहेत. पण एकत्र कुटुंब आहे. शेवटी उल्का म्हणाली, "मग मी करते, अण्णा." अण्णा म्हणाले, "बघ." तेवढंच. आजही उल्का हसत हसत सांगते, "माझ्या लग्नाला अण्णा आले होते. कुठल्या बाजूने, ते कळलं नाही." ती हसते, पण तिला मी लहानपणापासून ओळखते. ते हसू पुरतं हसू नाही.

या उल्काची मुलगी वेदिका. उंच, सडपातळ, चालताना हात जोरात हलवणारी. बारावी झाली, इथेच चांगल्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली, कॉलेज सुरूही झालं. पण तिने खडकवासल्याच्या संरक्षण प्रबोधिनीची परीक्षाही दिली होती. मुलींसाठी ती दारं उघडून काहीच वर्षं झाली आहेत. लेखी परीक्षा झाली, मुलाखतींचे दिवस पार पडले आणि पोरगी निवडली गेली. अंतिम यादी यायची होती, तेवढंच.

उल्काचा फौजेला विरोध नव्हता. "डॉक्टर होऊन जा, वकील होऊन जा, मी पेढे वाटीन," ती म्हणायची. पण वेदिकाला तोफखाना हवा होता. पायदळात मुलींना अजून घेत नाहीत, पण तोफखान्यात मुली अधिकारी होऊ लागल्या आहेत, हे तिला पाठ होतं. घरात रोज वाद. शेवटी उल्काने एक तोड काढली. "अण्णांनी एकदा सरळ 'हो' म्हणावं. मी अडवणार नाही. 'नाही' म्हणाले तर तू कॉलेज सोडायचं नाहीस."

वेदिका लगेच कबूल झाली. आजोबा आपले, असं तिला वाटत होतं. उल्काही निर्धास्त होती. अण्णा आपले, असं तिलाही वाटत होतं. गुरुप्रसाद सासऱ्यांना पुरता ओळखून होता. तो मला म्हणाला, "टीचर, यांनी स्वल्प चूकच केली. पंच म्हणून कुणाला नेमलं बघा!"

आता आमच्या मंडळाविषयी सांगायला हवं. मत्तीकेरे-जालहळ्ळी भागात कारखान्यांमधली मराठी माणसं स्थिरावली, त्यांनी हे मंडळ काढलं. गणेशोत्सवात वादविवाद व्हायचा आणि त्यातून अशी भांडणं लागायची, की पुढच्या गणपतीपर्यंत माणसं एकमेकांशी बोलत नसत. म्हणून जुन्या मंडळींनी 'उलटी फेरी' सुरू केली. चहाच्या आधी ज्या बाजूने बोलाल, चहानंतर त्याच्या विरुद्ध बाजूने बोलायचं. आणि बक्षीस कुणाला? ज्याची स्वतःची बाजू कोणती, हे ऐकणाऱ्याला ओळखता येणार नाही त्याला. आवाज एकीकडे चढला, दुसरीकडे पडला, की गुण कापले. घंटा वाजवायचं आणि गुण द्यायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. आणि बरीच वर्षं बक्षिसाची ढाल अण्णांच्या कपाटावर आहे.

यंदा विषय काढला मुकुलने. हा पुण्याचा मुलगा, बेळ्ळंदूरला नोकरी करतो आणि रहदारीला शिव्या देत दर रविवारी मंडळात येतो. त्याला खांबेट्यांच्या घरातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने ग्रुपवर टाकून दिलं: 'स्त्रियांनी प्रत्यक्ष लढाईत उतरावे का?' खाली लिहिलं, 'यंग क्राउडसाठी एकदम हॉट टॉपिक!'

मी अण्णांना फोन केला. म्हटलं, यंदा राहू द्या. त्यांनी विषय पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाले, "नाही टीचर, बोलतो. बोलता बोलता मलाच कळेल कदाचित."

त्या संध्याकाळी हॉल भरला होता. पहिल्या रांगेत एका टोकाला उल्का, दुसऱ्या टोकाला वेदिका आणि मध्ये प्रसादाचा डबा मांडीवर घेऊन गुरुप्रसाद. चिठ्ठीत अण्णांना आधी अनुकूल बाजू आली.

अण्णा हळू बोलतात, पण ऐकावंसं वाटतं. म्हणाले, "मी आयुष्यभर फौजेचे संच तपासले. संचाला मी कधी विचारलं नाही, तुला बनवणारा हात बाईचा की पुरुषाचा. आमच्या जुळणी विभागात निम्म्या बायका होत्या. त्यांनी केलेला टाका बर्फात सुटला नाही. तोफेचा गोळा जड असतो, मान्य. मग वजन ठरवा, सगळ्यांना एकच ठरवा. जो उचलेल तो जाईल. उचलण्याआधीच दारात उभं राहून 'तू नको' म्हणणारे आपण कोण? आपल्या मुली मध्यरात्री कंपनीच्या गाडीतून एकट्या घरी येतात. तेव्हा आपण धोका मोजत नाही, पगार मोजतो. आणि तिने स्वतःहून धोका मागितला की आपल्याला एकदम माया सुटते!"

टाळ्या पडल्या. वेदिका उभी राहून टाळ्या वाजवत होती. उल्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

चहा झाला. मी घंटा वाजवली. अण्णा पुन्हा उभे राहिले, त्याच आवाजात.

"लढाई हा मान आहे, असं कुणी ठरवलं? हजारो वर्षं आपण मुलगे पाठवत आलो. काही परत आले, काही अर्धे परत आले. आता म्हणतो, मुलीही पाठवू, म्हणजे बरोबरी झाली. ही कसली बरोबरी? घराच्या एका भिंतीला वाळवी लागली, तर दुसऱ्या भिंतीलाही लावायची? मुलगा शत्रूच्या हाती सापडला तर देश चिडतो. मुलगी सापडली तर देश वाकतो, आणि हे शत्रूला माहीत असतं. तिच्या हिमतीविषयी मला शंका नाही. जगाच्या चांगुलपणाविषयी आहे."

या वेळी टाळ्या उशिरा आल्या, पण जास्त वेळ चालल्या. उल्का रडत होती. मी गुणांच्या कागदाकडे बघत बसले. दोन्हींना सारखेच गुण द्यावे लागले. मुकुल धावत येऊन म्हणाला, "काका, कमाल! मला सिरीयसली कळलं नाही तुमचा स्टँड काय आहे!"

"मलाही नाही रे," अण्णा म्हणाले. सगळे हसले. त्यांना तो विनोद वाटला.

ढाल घेऊन आम्ही उल्काच्या घरी गेलो. चपला काढायच्या आतच सुरू झालं.

"ऐकलंस ना?" उल्का म्हणाली. "वाळवीचं ऐकलंस?"

"मी संचाचं ऐकलं," वेदिका म्हणाली. "आजोबा पहिल्यांदा मनातलं बोलला. दुसऱ्यांदा नियम म्हणून बोलला."

"उलट आहे. पहिल्यांदा नियम म्हणून."

"आणि ते वाकण्याचं काय गं? देश वाकू नये म्हणून मी घरी बसायचं? देशानेच ताठ राहायला शिकावं ना!"

"आणि मी? मी वाकेन, त्याचं काय?"

गुरुप्रसादने मोदकाचा डबा पुढे केला. "सरी, आता स्वल्प खाऊन घ्या. भांडण कुठे पळून जात नाही."

दोघी अण्णांकडे वळल्या. "तुम्हीच सांगा."

अण्णा ढाल मांडीवर धरून सोफ्याच्या कडेला बसले होते. म्हणाले, "दोन्ही वेळा मला मनातलंच बोलल्यासारखं वाटलं."

"अण्णा!" उल्काचा आवाज चिरकला. "मला भाषण नको आहे. एक शब्द हवा आहे. माझ्या वेळी दिला नाहीत. या वेळी तरी द्या."

अण्णांनी ढाल खाली ठेवली, छत्री उचलली आणि ते घरी गेले.

पुढच्या आठवड्यांत अण्णा जसे भटकत होते, तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी पार्कमध्ये दोन फेऱ्या उजवीकडून, दोन डावीकडून. एकदा माझ्याकडे आले. पाणी घेतलं, पेला हातात तसाच ठेवला.

"टीचर, तुम्ही घंटेपाशी होता. समोरून दिसतं. खरं सांगा, माझी बाजू कुठली वाटली?"

मी आठवून बघितलं. म्हटलं, "पहिल्या भाषणात तुम्ही मध्ये पाणी प्यालात. दुसऱ्यात नाही."

"म्हणजे काय होतं?"

"ते मला नाही सांगता येणार, अण्णा. जे दिसलं ते सांगितलं."

त्यांनी पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला. "पहिल्यात घसा कोरडा पडला. म्हणजे भीती. म्हणजे तिथे मी खोटं बोलत होतो? की खरं बोललो म्हणून भीती वाटली?" मग स्वतःशीच म्हणाले, "दोन्ही असू शकतं."

यादी आली. वेदिकाचं नाव त्यात होतं. जानेवारीत हजर व्हायचं होतं. घरात आनंद करावा की नाही, हे कुणाला कळेना. गुरुप्रसादने गुपचूप मैसूरपाक आणला आणि गुपचूप फ्रिजमध्ये ठेवला. अण्णांचा शब्द अजून यायचा होता.

अशातच वेदिका म्हणाली, "आजोबा, चिकपेटला चल. सामान घेऊन ठेवू. नाहीच गेले तर कॉलेजात वापरीन." हे ऐकून मला हसू आलं. नात कुणाची! मलाही परकराचं कापड घ्यायचं होतं, म्हणून मीही मेट्रोने त्यांच्याबरोबर गेले.

पांढरे रुमाल घेतले, जाड मोजे घेतले, बुटांच्या काळ्या नाड्या घेतल्या. अण्णांनी नाड्या ओढून ओढून बघितल्या. दुकानदार म्हणाला, "सर, बैल बांधायचा आहे का?" बाहेर पडलो तर गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. त्या गर्दीतच अण्णांनी विचारलं, "वेदू, तुला भीती वाटते का गं?"

"वाटते की," ती चालता चालता म्हणाली. "सकाळी उठले की वाटतं, जायचंच. संध्याकाळी आईचा चेहरा बघितला की वाटतं, कशाला हे. मुलाखतीच्या दिवसांत मैदानावरच्या कसोटीत एक मुलगी पडली, गुडघा फुटला तिचा. त्या रात्री वाटलं, पळून घरी यावं. घर तर याच गावात होतं."

"मग? तुझं ठरलंय ना?"

"जायचं ठरलंय. बरोबर की चूक, ते नाही ठरलं. ते गेल्याशिवाय कसं कळेल, आजोबा?"

अण्णा जिथे होते तिथेच थांबले, गल्लीच्या ऐन मध्ये. मागून डोक्यावर कापडाचा गठ्ठा घेतलेला हमाल ओरडला, "अज्जा, यावुदादरू ओंदु साइडगे निल्री!" म्हणजे, आजोबा, कुठल्या तरी एका बाजूला उभे राहा. वेदिका हसत सुटली. तिने त्यांचा दंड धरून त्यांना कडेला ओढलं.

परतीच्या मेट्रोत अण्णा नाड्यांचं पाकीट उलटसुलट करत होते. एकदाच माझ्याकडे वाकून म्हणाले, "मला वाटायचं, जे निघतात त्यांच्या मनात एकच बाजू असते."

मेट्रोतून उतरून घरी जाण्याऐवजी ते थेट उल्काकडे आले. माझ्या हातात पिशव्या होत्या, म्हणून मीही होते. उल्का कणीक मळत होती.

"उल्का, तिला जाऊ दे."

उल्काचे हात थांबले. "म्हणजे?"

"म्हणजे सरी."

"सरी नाही चालणार, अण्णा. 'ठीक आहे' म्हणून रिक्षावाल्यालाही तुम्ही सरी म्हणता. हो की नाही?"

अण्णांनी घसा साफ केला. "हो. मला अजून पटलेलं नाही. तोफेपाशी ती उभी आहे, हे डोळ्यांसमोर आलं की वाटतं, आपणच दारात आडवं उभं राहावं. संच नीट चालला तरी पलीकडचा आवाज कधी कधी येत नाही, हे मला माहीत आहे. पण माझी शंका माझी आहे. तिला फळीवर ठेवता येणार नाही. म्हणून हो."

वाटलं होतं, उल्का चिडेल. ती कणकेच्या हातांनीच खुर्चीत बसली. "मला वाटलं होतं, तुम्ही नाही म्हणाल," ती म्हणाली. "नाही म्हणाला असतात तर पोर तुमच्यावर रागावली असती. हो म्हणालात, आता मी कुणावर रागावू?"

"माझ्यावरच रागाव," अण्णा म्हणाले.

"माझ्या लग्नाच्या वेळी हे एवढं बोलला असतात तर…" तिने वाक्य सोडून दिलं. मग डोळे मनगटाने पुसले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "वेदू, तो मैसूरपाक काढ. तुझ्या बाबांनी कुठे दडवलाय, मला माहीत आहे!"

जानेवारीत यशवंतपूर स्टेशनवर आम्ही सगळे जमलो. उल्का आणि गुरुप्रसाद तिला पोचवायला पुण्यापर्यंत जाणार होते. मुकुल बेळ्ळंदूरहून धापा टाकत आला आणि म्हणाला, "सॉरी वेदिका, त्या टॉपिकचं मला खरंच माहीत नव्हतं." ती म्हणाली, "बरं झालं. नाहीतर आजोबा अजून इडलीपाशीच असता."

अण्णा माझ्याशेजारी उभे होते. त्यांनी छत्री माझ्या हातात दिली आणि हळूच विचारलं, "टीचर, चूक तर नाही ना झाली?"

मी इतकी वर्षं मुलांना चूक-बरोबर लिहून देत आले. "माहीत नाही, अण्णा," म्हटलं.

"हं," म्हणाले, वेदिकाची बॅग उचलली आणि आत ठेवायला डब्यात चढले. गाडी हलली. मुकुल ओरडला, "काका, उतरा!" अण्णा दारात आले, एक पाय पुढे केला, मागे घेतला. मग आतून वेदिकाचा हात आला आणि ते आत गेले.

मी घाबरून फोन लावला. गुरुप्रसादने उचलला, हसत होता. "टीचर, काळजी करू नका. यांच्या खिशात तुमकूरपर्यंतचं तिकीट निघालं. सकाळीच येऊन काढून ठेवलं होतं म्हणे."

"चढायचं ठरलं होतं मग?"

"तिकीट काढायचं ठरलं होतं. चढायचं नव्हतं."

तुमकूर इथून तासाभरावर. तेवढ्या वेळाने अण्णांचाच फोन आला. मागे तुमकूर स्टेशनवरचे चहावाले ओरडत होते.

"उतरलो," म्हणाले. "मी तिला विचारलं, पुढे येऊ का? म्हणाली, नको आजोबा, इथून मी जाईन. उल्काने दारातून हात हलवला. बराच वेळ हलवत होती. माझ्याकडे बघून की उगीच, ते नाही कळलं."

"तुमच्याकडेच बघून असेल."

"असेल. नसेलही." पुढे म्हणाले, "टीचर, गाडी दिसेनाशी झाली आणि मला वाटलं, थांबवावी. लगेच वाटलं, बरं झालं थांबवता येत नाही." मग एकदम घाईने, "माझी छत्री तुमच्याकडेच आहे ना?"

"माझ्याकडेच आहे."

"बरं," अण्णा म्हणाले. "तेवढं एक नक्की आहे. आता बस शोधतो."